नॅरो ट्रॅक जिप्सीला स्पेसर टाकतोय, नट चारच आटे बसतोय, चालेल का?

केळीवाला_रावेर:

राम राम मंडळी. माझ्याकडे ९१ ची जिप्सी आहे, एमजी ४१०, जुनी नॅरो ट्रॅकवाली (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर कमी असलेली), मडगार्डला ती रुंद फ्लेअर नाही ती. वडिलांनी घेतलेली, आता शेतात आणि कधीमधी पालच्या जंगलाकडे तिलाच नेतो. गेल्या महिन्यात २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले, रिम जुनेच लोखंडी. दिसायला एक नंबर झाली पण फुल लॉक मारला (स्टिअरिंग पूर्ण वळवलं) की पुढचा टायर आतून पाट्याला (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना) घासतो, डावीकडे जास्त.

आमच्या मेस्त्रीने १५ मिमीची लोखंडी प्लेट आणली (हाच स्पेसर, चाक बाहेर सरकवायला मधे टाकतात तो), पाच भोकं पाडलेली, ड्रमवर ठेवली की वरून चाक. पण आता नट जेमतेम चार आटे बसून राहिला आणि टाईट होऊन जातो. मेस्त्री म्हणे "चार आटे पुष्कळ झाले, पाच नट आहेत ना, एक चाक कुठं पळून चाललं". मला काही ते पटून नाही राहिलं. दुसरा एक जण म्हणे एमआयडीसीत लेथवर ३० मिमीचे बनवून घे आणि त्यात नवीन स्टड (ज्यावर चाकाचा नट फिरतो तो बोल्ट) वेल्डिंग करून टाक. ऑनलाईन ॲल्युमिनियमचे पण दिसतात, त्यात स्वतःचे स्टड असतात. कोणते घ्यावे आणि बसवायची बरोबर पद्धत काय, कोणी नीट सांगेल का. अजून एक, ६० च्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं, ते आधीपासूनच आहे, स्पेसर टाकल्यावर कमी होईल का? गाडी रुंद झाली की स्थिर होते म्हणतात म्हणून विचारलं.

तापीकाठ:

मोठे टायर काढ, २०५ परत टाक, विषय संपला. त्याच टायरवर जिप्स्या तोरणमाळ चढल्या आणि उतरल्या पण.

सातपुडा_४बाय४:

तापीकाठ भाऊंचं खोटं नाही, पण टायरचे पैसे गेलेत आता, तर त्यातून काय करता येतं ते बघू. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ती १५ ची प्लेट आजच काढ. चार आट्यांवर गाडी भुसावळपर्यंत पण नेऊ नको. जिप्सीचा स्टड १२ मिमी जाडीचा आणि आटा १.२५ चा, मारुतीच्या बहुतेक गाड्यांना हाच असतो. साधा हिशोब असा आहे की स्टड जेवढा जाड तेवढी लांबी तरी नटच्या आत धरलेली पाहिजे, म्हणजे १२ मिमी, १.२५ ने भागलं की साडेनऊच्या वर येतं, दहा आटे धर. तुझे चार म्हणजे ५ मिमी. मेस्त्रीला सांग पाच नट असले तरी पाचही अर्धेच धरलेले आहेत, आणि असं चाक निघतं तेव्हा एकाएकी निघत नाही, आधी एक नट ढिला होतो मग बाकीच्या चारांवर त्याचा भार येतो.

बरं, चाकाचा भार स्टडवर असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. नट आवळल्यावर रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात की त्या दोन फेसमधल्या घर्षणावरच गाडी चालते, स्टड फक्त ताणून धरायचं काम करतो. म्हणून स्पेसर टाकताना सगळ्यात महत्त्वाचं काय तर फेस सपाट, स्वच्छ आणि पूर्ण टेकलेला पाहिजे. मधे गंज, रंगाचा थर, वाळलेला चिखल काहीही राहिलं तर आवळताना टॉर्क (आवळायचा जोर) बरोबर लागतो, मग चार दिवसात तो थर चुरून जातो आणि नट आपोआप ढिला. आपल्याकडची काळी माती तर अशी बसते की वायर ब्रशनेही निघत नाही लवकर.

आता तुझा घासायचा प्रश्न. २०५ चा २३५ झाला म्हणजे टायर ३० मिमी रुंद झाला, रिम तोच म्हणून आतल्या बाजूला १५ आला आणि बाहेर १५. उंची पण वाढली, जुना टायर साधारण ६६८ मिमी व्यासाचा, नवीन ७३३ च्या आसपास, म्हणून पुढे मागे पण जागा खाऊन राहिला (आणि तुझा स्पीडोमीटर आता जवळपास दहा टक्के कमी दाखवतो, काटा ६० वर असेल तर गाडी ६६ ने चालली आहे हे लक्षात ठेव). टायर फक्त फुल लॉकलाच घासत असेल तर स्पेसरच्या आधी फुकटचा उपाय करून बघ. पुढच्या स्टिअरिंग नकलवर (चाकासोबत वळणारा भाग) लॉक थांबवणारा बोल्ट असतो दोन्ही बाजूला, त्याचा चेकनट सैल करून बोल्ट थोडा बाहेर काढ, चाक कमी वळेल आणि घासणार नाही. वळायला जागा जास्त लागेल, केळीच्या बागेत दोनदा रिव्हर्स घ्यावं लागेल, बाकी काही नाही.

थरथरीचं म्हणशील तर स्पेसरने ती कमी नाही होणार, वाढेल. टायर जितका बाहेर तितका रस्त्याचा प्रत्येक दगड स्टिअरिंगला जास्त ताकदीने ओढतो, आणि जे काही ढिलं आहे ते सगळं हातात जाणवतं. आधी हे बघ: पुढचं चाक जॅकवर उचल, खाली घोडी (टेकू) लाव, चाक वरून आणि खालून धरून हलव. प्ले आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (ज्या खिळीवर चाक डावं-उजवं वळतं तिचं) बेअरिंग. इतक्या जुन्या जिप्सीत माझा पहिला संशय किंगपिनवरच. मग टाय रॉडचे एंड बघ, आणि नवीन टायरचं बॅलन्सिंग केलंय का ते पण. हे सगळं झाल्याशिवाय स्पेसरवर एक रुपया घालू नको.

केळीवाला_रावेर:

भाऊ खूप आभार, इतकं कोणी सांगितलं नव्हतं. प्लेट काढली. लॉकचा बोल्ट सापडला, गंजलेला होता, डिझेल टाकून रात्रभर ठेवला तेव्हा निघाला. उजवीकडचं घासणं बंद झालं, डावीकडे पाट्याला अजून थोडं लागतं. ब्रेकवाली टेस्ट केली, डाव्या चाकाचा प्ले ब्रेक दाबला तरी तसाच आहे, म्हणजे किंगपिन. ते काम उद्या चालू करतो.

पण स्पेसर टाकायचेच आहेत, खरं सांगायचं तर गाडी उंच झाली आणि अरुंद दिसते, कडेला झुकली की पोटात गोळा येतो. व्हर्नियरने मोजलं, हबच्या फेसपासून स्टड २५ मिमी बाहेर आहे. रिम जिथं नट बसतो तिथं ५ मिमी जाड. आता कोणता घेऊ?

लेथवाला_जळगाव:

मी लेथवर काम करतो म्हणून सांगतो, आमच्या धंद्याचं नुकसान झालं तरी चालेल, पण वेल्डिंग केलेला स्टड चाकाला लावू नका भो. स्टड हा कडक केलेल्या पोलादाचा असतो, त्याला वेल्डिंगची उष्णता दिली की जोडाजवळ तो ठिसूळ होतो, वरून बघून कळत नाही. असलं काम घेऊन लोक येतात, मी परत पाठवतो, मग ते शेजारी जाऊन करून घेतात.

स्पेसर लेथवर करताच येत नाही असं नाही. पण दोन्ही फेस एकमेकांना समांतर पाहिजेत, पाच भोकांचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, बरोबर पाहिजे (जिप्सीचा १३९.७ मिमी आहे, साडेपाच इंच), आणि मधलं भोक हबला नीट बसलं पाहिजे, तिथं जिप्सीचा आकडा १०८ च्या आसपास येतो पण तुम्ही तुमच्या गाडीवर मोजूनच घ्या, जुन्या गाडीत काय काय बदललेलं असतं देव जाणे. टिकलीने खूण करून ड्रिल मशीनवर पाच भोकं पाडली की चाक लंगडतं. आणि धातू कोणता वापरला ते कोणी लिहून देत नाही. भंगारातून वितळवून ओतलेलं ॲल्युमिनियम आणि ६०६१ टी६ (ॲल्युमिनियमचा मजबूत ग्रेड) चा फोर्ज केलेला, म्हणजे दाबून घडवलेला, तुकडा रंग लावल्यावर सारखेच दिसतात. ओतीव असेल तर घेऊ नका, त्यात आत पोकळ्या असतात.

सातपुडा_४बाय४:

बरोबर बोलले. केळीवाले, तुझ्या मापात बघू. प्लेटवाला स्पेसर टाकायचा तर २५ मधून १५ गेले, रिमचे ५ गेले, उरले ५, तेच तुझे चार आटे. प्लेटच ठेवायची असेल तर जुने स्टड दाबून काढून ७-८ मिमी तरी लांब स्टड टाकावे लागतील, आणि ते डोक्याखालच्या दातेरी भागाच्या त्याच मापाचे पाहिजेत, नाहीतर हबमध्ये फिरत बसतात आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर नटच निघत नाही. हातोड्याने ठोकून काढू नको, प्रेसवर काढ, बेअरिंगला मार बसतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःचे स्टडवाला. तो आधी हबवर तुझ्याच स्टडने आवळायचा, मग चाक त्याच्या स्टडवर. यात तुझा जुना स्टड आणि त्यावरचा नट स्पेसरच्या जाडीच्या आतच राहिला पाहिजे, वर डोकावला तर रिम टेकतच नाही, आपल्याला वाटतं आवळलं आणि चाक स्टडच्या टोकांवर उभं असतं. तुझा स्टड २५ चा, तर २५ चा स्पेसर अगदी काठावर येतो. काही अलॉयला मागून खळगे असतात त्यात चालून जातं, तुझा लोखंडी रिम सपाट, तू ३० चा घे. स्टड कापून २५ चा बसवू नको, उद्या स्पेसर काढलास की मूळ रिमला तो आखूड पडेल.

३० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० ने रुंद. गंमत बघ, मारुतीने स्वतः ९३ मध्ये वाईड ट्रॅक काढली तेव्हा ९० मिमी वाढवले होते, १३०० पुढे आणि १३१० मागे. पण त्यांनी ॲक्सल रुंद केली, म्हणजे चाकासोबत बेअरिंग पण बाहेर गेलं. आपण स्पेसर टाकतो तेव्हा बेअरिंग तिथंच राहतं आणि चाक एकटं बाहेर जातं, त्यामुळे बेअरिंगवर तिरपा भार येतो. म्हणून कंपनीने ९० केलं मग आपण पण ४५ चे स्पेसर टाकू असं करू नको. बजेट असेल आणि भंगारात चांगली वाईड ट्रॅकच्या ॲक्सलची जोडी मिळाली तर तो सगळ्यात सरळ मार्ग, फक्त पुढची मागची दोन्ही एकाच रेशोची (आतल्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण) पाहिजे, एकच बदललीस तर फोर व्हील टाकल्यावर गिअरबॉक्स रडेल.

आता बसवणं. सपाट जागेवर गाडी, घोडी लावून, चाक काढ. हबचा फेस वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने, चमक येईपर्यंत. मधल्या गोल उंचवट्याच्या मुळाशी गंजाचं कडं असतं तिथं विसरतात लोक, स्पेसर तिथंच अडकतो. ड्रमवर एखाद्या स्क्रूचं डोकं किंवा स्टडवर पत्र्याची क्लिप असेल तर काढ. स्पेसर हाताने ठेव आणि बोटाने दाबून हलवून बघ, जरा जरी डुगडुगला तर काहीतरी अडकतंय, नटने ओढून बसवायचा प्रयत्न करू नको. पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं जोडायचा-सोडायचा गोल भाग) बाहेर येतो, तो स्पेसरच्या भोकातून मोकळा गेला पाहिजे. आट्यांना तेल, ग्रीस, कॉपर पेस्ट काही नाही, कोरडे आणि स्वच्छ. तेल लावलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

नट पाचही आधी हाताने शेवटपर्यंत फिरव. हाताने जात नसेल तर आटा चुकलाय, गन (हवेवर चालणारा पाना) लावली तर सगळं फाडून ठेवेल. मग एक सोडून एक, ताऱ्यासारखं, दोन टप्प्यात टॉर्क पान्याने. आतल्या नटला स्पेसरसोबतच्या कागदावर दिलेला टॉर्क, बाहेरच्या नटला गाडीच्या मॅन्युअलमधला. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आण, मागून आण, पण पान्यावर उभं राहून उड्या मारणं हे माप नाही. नटचा उतार आणि रिमचा उतार जुळतो का तेही बघ, गोल बुडाचा नट उताराच्या भोकात फक्त एका रेषेवर टेकतो.

मग रावेरहून जळगावला पोचलास की परत टॉर्क तपास. आणि इथं सगळे चुकतात, बाहेरचे नट तपासतात आणि आतले तसेच. आतल्या नटसाठी चाक काढावंच लागतं. कंटाळा येतो, मान्य, पण काढ. नंतर टायर फिरवताना किंवा पावसाळा संपला की परत एकदा. चिखलात घातलीस की ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या मधे पांढरी पूड धरते, ती साफ कर.

शेवटी एक चाक शेताच्या बांधावर चढव, दोन्हीकडे लॉक मार, टायर मडगार्डला लागतो का बघ. ३० ने बाहेर आला की आतलं घासणं जाईल पण बाहेरचं चालू होऊ शकतं, तुझ्या गाडीला फ्लेअर नाही. आणि दारावर चिखल इतका उडेल की कपडे धुणारं घरात शिव्या देईल.

तापीकाठ:

बघा, म्हणून म्हटलं होतं २०५.

धुळेकर_१८:

सगळं तांत्रिक झालं, कागदाचं पण बोला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ (४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायर मडगार्डच्या बाहेर आला की लांबून दिसतो. तुमची ९१ ची म्हणजे दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी दाखवावी लागत असणार, तिथं साहेबाने बोट ठेवलं तर मूळ चाकं लावून परत या म्हणतील. त्याहून मोठी गोष्ट विम्याची, अपघात झाला आणि सर्व्हेअरला स्पेसर दिसले तर क्लेम अडू शकतो. मी टाकू नका म्हणत नाही, माहिती असून टाका.

आणि पंक्चरवाल्याला सांगून ठेवा की या चाकाला गन लावायची नाही. आम्ही लळिंग घाटाच्या खाली एकदा थांबलो होतो, पोराने माझं बोलणं संपायच्या आत घुर्र करून पाचही आवळले, मग मीच परत सगळे ढिले करून टॉर्क पान्याने लावले, तो बघत बसला.

केळीवाला_रावेर:

किंगपिन झालं. दोन्ही बाजूचे बेअरिंग चुरा झाले होते. ६० ची थरथर गेली, आता काटा ७० ला पण शांत आहे. डावीकडचं घासणं पण कमी झालं, चाक तिरकं लटकत होतं म्हणून डाव्या बाजूला जास्त लागत होतं बहुतेक. आता फक्त लोड टाकून पूर्ण वळवलं तरच पाट्याला हलकं लागतं. ३० चे फोर्ज केलेले मागवावे की लॉकचा बोल्ट अजून अर्धा फेरा काढून गप्प बसावं याच्यात अडकलोय. धुळेकर भाऊंचं वाचून घरात विषय काढला तर वडील म्हणे बोल्ट काढ.

सातपुडा_४बाय४:

वडिलांचं ऐक. अर्धा फेरा काढ, दोन्ही बाजूला सारखा, चेकनट घट्ट कर, आणि पावसाळा असाच चालवून बघ. झुकायची भीती तरीही गेली नाही तर मग स्पेसर. हवा पण बघ, २३५ ला आधीच्या हिशोबाने भरलीस तर गाडी दगडासारखी उडते, रिकामी असताना थोडी कमी चालते.

शिरपूरनी_जीप:

भाऊ बठ्ठं वाचं, भारी माहिती शे. मन्ही महिंद्राची जुनी जीप शे, तिले पण पाच नट शेत आणि पीसीडी पण साडेपाच इंचच. जिप्सीचा स्पेसर तिले चालेल का? मित्राकडे एक जोडी पडून राहिली आहे.

लेथवाला_जळगाव:

नाही चालणार, आणि जीपचा नट आणि जिप्सीचा स्पेसर यांची तर अजिबात गाठ घालू नका. जुन्या विलीज बनावटीच्या जीपचा स्टड अर्धा इंची, इंचाला २० आटे, म्हणजे १२.७ मिमी जाड आणि आटा १.२७ चा. मारुतीचा १२ चा आणि १.२५ चा. दोन्ही इतके जवळ आहेत की जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर हाताने मस्त चढतो, जरा सैल वाटतो एवढंच, आणि आवळला की आटे फक्त टोकाला धरतात आणि सोलून निघतात. गॅरेजमध्ये एकाच डब्यात दोन्ही नट पडलेले असतात, संध्याकाळच्या उजेडात फरक दिसत नाही. नट उचलला की आधी नव्या स्टडवर फिरवून बघायचा, खडखडला तर बाजूला.

अजून एक, त्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना पुष्कळदा उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसेल. स्पेसर घेतला तर डावीकडच्या आतल्या नटला उलटेच लागतील. जीपच्या मधल्या भोकाचं माप पण टाका इथं, आणि स्टड हबपासून किती बाहेर आहे ते, मग सांगतो.